दर मे महिन्यात बसणारी अंडी : इंदुरात बिअर्डेड ड्रॅगनची पैदास करणाऱ्यांसाठी

मे महिना उजाडला की मला दर वर्षी तोच फोन येतो. माणूस वेगळा, कधी इंदूरचा, कधी देवासचा, कधी उज्जैनचा. गाऱ्हाणं मात्र एकच. "ताई, महिनाभर अंडी टुमटुमीत होती. आता एकेक करून बसायला लागलीत. पिवळी पडतायत, वास येतोय. तापमान मी रोज बघतो हो, बरोब्बर एकोणतीस असतं." मी विचारते, किती वाजता बघता? "सकाळी. दुकान उघडायला जायच्या आधी."

निम्मं उत्तर इथेच मिळतं. उरलेलं निम्मं सांगण्यात पाऊण तास जातो आणि समोरचा काही लिहून घेत नाही. म्हणून आता मीच लिहून ठेवते.

हे सगळं बिअर्डेड ड्रॅगनबद्दल आहे, आमच्या सासूबाईंच्या भाषेत 'दाढीवाला सरडा'. लेपर्ड गेको (ठिपक्यांची पाल) पाळणाऱ्यांची अंडीही इंदुरात बहुतेक याच कारणाने जातात, पण त्यांचं तापमानाचं गणित वेगळं आहे आणि मी तो पाळत नाही. आपल्या सातपुड्यात लेपर्ड गेकोची एक जात जंगलात राहते, २०१४ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं. समोर ठेवलेलं जनावर घरी पैदा झालंय की रानातून उचललंय, हे विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं मला जमत नाही. बिअर्डेड ड्रॅगन ऑस्ट्रेलियाचा, त्यामुळे निदान तो घोळ नाही. बिल आणि कागदपत्रं मात्र याचीही मागून घ्या.

आमचं घर लोकमान्य नगरात. जनावरांची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीच्या स्लॅबखाली, खिडकी पश्चिमेला. इन्क्युबेटर घरीच केलेला. थर्माकोलचा मोठा डबा, तळाला चार बोटं पाणी, पाण्यात फिशटँकचा हीटर, वर दोन विटा, विटांवर प्लास्टिकचे झाकणाचे डबे, त्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारा हलका खनिजाचा भुगा) आणि त्यात अर्धी पुरलेली अंडी. बहुतेकांचा असाच असतो आणि तो वाईट नाही. पहिल्या वर्षी २२ अंड्यांतून ३ पिल्लं निघाली. दुसऱ्या वर्षी १९ अंड्यांतून एक, तेही वाकड्या शेपटीचं.

दोष कुणाला द्यायचा ते मी दर वर्षी बदलत गेले. आधी व्हर्मिक्युलाइटला दिला आणि त्याऐवजी परलाइट, तसाच दुसरा खनिजाचा भुगा, आणला. मग कॅल्शियमची पावडर बदलली. मग नरावर संशय घेतला, तो एका ओळखीच्यांना देऊन दुसरा आणला. पहिला नर तिकडे जाऊन दोन डझन पिल्लांचा बाप झाला, ते मला मागाहून कळलं.

तिसऱ्या वर्षी सासूबाई सहज बोलून गेल्या. "तुझ्या त्या खोलीत मी तुपाची बरणी ठेवली होती ना, दुपारी बघते तर नुसतं पाणी. सकाळी पुन्हा रवाळ. तुझ्या अंड्यांचं काय होत असेल गं?" मी हसले. दुसऱ्या दिवशी मात्र जेल रोडवर जाऊन कमाल-किमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर घेतला आणि त्याचा सेन्सर अंड्यांच्या डब्यात, अंड्यांच्याच पातळीवर खुपसून ठेवला. सकाळी सहाला २९.३. संध्याकाळी सातला डबा उघडून कमाल बघितलं तर ३५.८.

माळव्याच्या रात्रींचं कौतुक उगाच नाही. 'शब-ए-मालवा' हा शब्द आपण पाहुण्यांना अभिमानाने ऐकवतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी पहाटे इथे हवा उतरते. त्यामुळे सकाळी इन्क्युबेटर बघणाऱ्याला सगळं आलबेल दिसतं. थर्मामीटर खोटं बोलत नसतो, आपणच त्याला चुकीच्या वेळी विचारतो. वर आणखी एक गोम आहे. थर्माकोल आणि पाण्यामुळे डबा उशिरा तापतो. खोली तीन-चार वाजता सर्वांत गरम असते, तर डब्याचा उच्चांक सहा-सात वाजता येतो. म्हणजे दुपारी जेवायला घरी येऊन बघणाराही फसतो.

मग हीटरचा थर्मोस्टॅट काय करत होता? काहीच नाही. त्याने २९ वर हीटर बंद केला आणि त्याचं काम संपलं. हीटर डबा तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच ३६ झाली तर डबाही हळूहळू तिकडेच जाणार. हीटर महागातला घ्या, कंट्रोलर दोन घ्या, फरक पडायचा नाही. विजेचं बटण बंद केलं तरी डबा तितकाच तापेल, करून बघा.

आता हे दर वर्षी मे महिन्यातच का होतं ते बघा. हिवाळ्यात दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, ड्रॅगन खाणं कमी करतो आणि सुस्त पडून राहतो. फेब्रुवारीत ऊब वाढली की जागा होतो, नर मान हलवायला लागतो, दाढी काळी करतो. जोडी लागते, मार्चमध्ये मादी खड्डे खणते, अंडी देते. २८-२९ अंशांवर अंड्यांना साधारण ६० ते ७५ दिवस लागतात. मार्चमध्ये ६०-७० दिवस मिळवले की एप्रिल आणि मे अख्खे त्यात येतात. आपण पैदास सुरू करतो तीच मुळी इंदूरच्या सर्वांत वाईट दोन महिन्यांवर नेम धरून.

आधी तारीख बघा

उपाय करण्याआधी तुमचं दुखणं हेच आहे का, याची खात्री करून घ्या. त्यासाठी अंडं कितव्या दिवशी बसलं हे कळायला हवं. अंडी काढली की त्याच वेळी पेन्सिलने वरच्या बाजूला खूण आणि तारीख घाला. पेन्सिलच, मार्कर नको. खुणेची बाजू शेवटपर्यंत वरच राहिली पाहिजे. कोंबडीची अंडी फिरवतात, ही फिरवायची नाहीत. गर्भ पहिल्या दिवसातच कवचाला वरच्या अंगाला चिकटतो, उलटं केलं की गेला.

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च अंड्याला लावला की साधारण आठवड्याभरात आत गुलाबी झाक आणि बारीक लाल शिरा दिसतात. दहा-बारा दिवसांनंतरही आत नुसता पिवळा उजेड दिसत असेल तर अंडं मुळातच फळलेलं नाही. असं अंडं लवकर पिवळं पडतं, बुरशी धरतं, बसतं. त्यात इन्क्युबेटरचा दोष नाही. मादी कोवळी असेल, नर नवखा असेल, किंवा नराशिवायच घातलेली अंडी असतील. माद्या नराशिवायही अंडी घालतात. दीड वर्षाच्या आतली मादी तर जोडीला लावूच नका, कितीही मोठी दिसली तरी.

शिरा दिसतायत, अंडं पांढरंशुभ्र आहे, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच वरून खळगा पडलाय, तर ते तहानलेलं आहे. ही अंडी चामड्यासारखी मऊ असतात, भोवतालचं पाणी शोषून फुगतात, शेवटी जवळपास दुप्पट होतात. पाणी मिळालं नाही की खळगा. हा प्रकार सुधारतो. डब्याच्या कडेकडेने कोमट पाणी सोडा, अंड्यांवर नाही. दोन-तीन दिवसांत खळगा भरून येतो.

पाणी किती, यावर लोक वाद घालतात. मी वजनाला वजन धरते, १०० ग्रॅम व्हर्मिक्युलाइटला १०० ग्रॅमच्या जरा खालीच पाणी. मुठीत दाबलं तर ढेकूळ व्हावं, पाणी गळू नये. पण खरी युक्ती ही नाही. खरी युक्ती म्हणजे अंडी ठेवल्यावर त्या प्लास्टिकच्या अख्ख्या डब्याचं स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि झाकणावर लिहा. अंड्यांनी पाणी शोषलं तर ते डब्यातच राहतं, वजन बदलत नाही. वजन घटलं म्हणजे तेवढं पाणी हवेत गेलं. दर रविवारी वजन करायचं, १२ ग्रॅम घटलं असेल तर १२ ग्रॅम पाणी घालायचं. आपल्याकडे एप्रिलची हवा इतकी कोरडी की झाकणाला दोनच भोकं असली तरी डबा सुकतो. अंदाजाने पाणी शिंपडणारे एक तर सुकवतात, नाही तर बुडवतात.

आणि तिसऱ्या ते सातव्या आठवड्यात, शिरा भरपूर दिसत असलेली चांगली वाढलेली अंडी एकामागोमाग मलूल झाली, शिरा विरून आत गढूळ काळपट दिसायला लागलं, आणि हे सगळं उन्हाचा पहिला तडाखा बसल्यावर आठवड्याभरात झालं, तर तो ताप. हाच तो मेचा फोन.

एका खळग्याला घाबरू नका, उलट पेढे आणा. साठाव्या दिवसानंतर अंड्याला घाम फुटल्यासारखे थेंब आले आणि ते जरा चेपलं, तर पिल्लू बाहेर यायला निघालंय. गेल्या साली एका पठ्ठ्याने नेमक्या त्या दिवशी पाणी ओतून सगळा डबा चिखल केला. तोंड बाहेर काढून पिल्लू दिवसभर तसंच बसून राहतं, पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं. त्याला ओढून काढायचं नाही.

थर्मामीटर खरा आहे का, हेही एकदा तपासा. स्वस्तातले दोन थर्मामीटर शेजारी ठेवले तर अंशभराचा फरक सर्रास दाखवतात. कोमट पाण्याचा पेला घ्या, त्यात तापाचा डिजिटल थर्मामीटर आणि हा सेन्सर एकत्र बुडवा, पाणी ३६-३७ च्या आसपास ठेवा. फरक किती येतो तो डब्यावर लिहून टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

मग करायचं काय

फुकटातला उपाय आधी. डबा वरच्या मजल्यावरून खाली आणा. तळमजल्यावरची, मधली, पश्चिमेची भिंत नसलेली खोली शोधा आणि डबा टेबलावर न ठेवता फरशीवर ठेवा. आमच्याकडे ती जागा जिन्याखाली निघाली. नुसत्या जागा बदलण्याने माझा उच्चांक ३५.८ वरून ३२ च्या आसपास आला. पुरेसा नाही, पण अंडी जगण्याइतका.

कूलर एप्रिल-मेमध्ये इथे छान चालतो, हवा कोरडी असते ना. खोली २८-२९ पर्यंत उतरते. पण कूलर रात्रंदिवस चालणार का, टाकीत पाणी कोण भरणार, आणि मे अखेरीच्या वादळात वीज गेली तर काय, हे आधी ठरवा. एसी असेल आणि तुम्ही त्या खोलीत झोपत असाल तर प्रश्न उलटा होतो. रात्री २४, दिवसा बंद, म्हणजे अंड्यांना रोज झोका. तेव्हा एसीच्या भरवशावर मी राहत नाही.

कायमचा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा डबा. मी तो जुन्या सिंगल डोअर फ्रिजचा केला. फ्रिज भंगारवाल्याकडचा चालेल, फक्त कॉम्प्रेसर चालू हवा. त्याला एसटीसी-१००० सारखा दोन रिलेचा (आपोआप चालू-बंद होणाऱ्या दोन स्विचांचा) कंट्रोलर लावायचा, एका रिलेवर फ्रिज, दुसऱ्यावर छोटा हीटिंग पॅड. २८.५ ठेवलं की वर गेलं तर फ्रिज, खाली गेलं तर पॅड. दोन गोष्टी विसरू नका. कॉम्प्रेसरची थांबण्याची वेळ किमान तीन मिनिटं ठेवा, नाही तर तो सारखा चालू-बंद होऊन बसेल. आणि आत पाण्याने भरलेल्या सात-आठ बाटल्या रचा, त्या ऊन-गार दोन्ही सांभाळतात. तासाभराची वीज गेली तरी आतलं तापमान फारसं हलत नाही. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, यूट्यूब बघून नको. जागा कमी असेल तर गाडीत ठेवतात तसला छोटा थर्मोइलेक्ट्रिक फ्रिजही चालतो, दोन क्लच (मादीने एका वेळी घातलेली अंडी म्हणजे एक क्लच) मावतात.

फ्रिजचं दार घट्ट असतं, म्हणून आठवड्यातून एकदा दार आणि डब्यांची झाकणं उघडून हवा बदला. झाकणावर जमलेले थेंब अंड्यावर पडू देऊ नका, फडक्याने पुसून घ्या.

पण मला विचाराल तर यातलं काहीच न करता सुटणारा मार्ग आहे आणि तो कुणालाच आवडत नाही. जोडी फेब्रुवारीत लावूच नका. नर-मादी मेच्या मध्यापर्यंत वेगळ्या टाक्यांत, एकमेकांना दिसणार नाहीत अशी ठेवा. अंडी जूनच्या अखेरीस, जुलैत येतील. जुलै-ऑगस्टमध्ये इंदूरची खोली आपसूकच २६ ते २९ मध्ये खेळते, आणि तुमचा तोच थर्माकोलचा डबा, तोच फिशटँकचा हीटर एकदम हुशार होतो. मी दोन वर्षं हेच करतेय. मागच्या वेळी २० पैकी १६. लोकांना वाटतं की मोसम चुकेल. कसला मोसम? ड्रॅगनच्या मूळ मुलखात वसंत सप्टेंबरात येतो. एक अडचण मात्र खरी आहे. मादीने आधी नर घेतलेला असेल तर ती ते बीज शरीरात साठवून ठेवते आणि नव्याने जोडी न लावताही पुढचे क्लच फळलेले निघतात. म्हणून पहिल्या वर्षी एखादा क्लच मार्चमध्ये येईलच, तो धरून चाला.

पावसाळ्याचा उपाय घेतला की दुखणं बदलतं, तेही सांगते. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की हवा दमट होते, डबा सुकत नाही, मग लोक सवयीने पाणी घालत राहतात. काट्यावरचं वजन घटलेलं नसेल तर थेंबही घालू नका. बुरशी आधी न फळलेल्या अंड्यावर येते. ते अलगद काढून टाका. शेजारच्या चांगल्या अंड्यावर पांढरा डाग आला तर कोरड्या कापसाने टिपा, आणि अंडं फेकायची घाई नको. चिलटांसाठी भोकांवर बारीक जाळी लावा. सडक्या अंड्यावर ती येतात आणि त्यांच्या अळ्या पुढे सरकतात.

जगली, पण सगळ्या माद्याच?

ताप जीवघेणा ठरला नाही तरी गप्प बसत नाही. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये नर की मादी हे गुणसूत्रांवर ठरतं, कोंबड्यांसारखंच. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबवली तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं मादी होऊन बाहेर येतात. २००७ साली हे प्रयोगशाळेत दिसलं, आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की रानातही अशा माद्या आहेत, त्या अंडी घालतात, आणि त्यांच्या पिल्लांचं नर-मादीपण मग तापमानावरच ठरतं. म्हणून कुणी मला खुशीत सांगतं की "ताई, यंदा नशीब बघा, अकरापैकी दहा माद्या," तेव्हा मी आधी त्याच्या डब्याचा संध्याकाळचा आकडा मागते.

इतकं करून अंडी फुटली की खरी परीक्षा पुढे आहे, आणि ती कुणी सांगत नाही. वीस पिल्लं म्हणजे वीस तोंडं, दिवसातून तीन-चार वेळा, बारीक रातकिडे. रातकिड्यांची पैदास हा वेगळाच धंदा होऊन बसतो आणि रात्री त्यांच्या आवाजाने शेजारचे काका विचारतात की पाऊस आला का. पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांची बोटं आणि शेपट्या कुरतडतात, म्हणून टाक्या वाढतात. प्रत्येक टाकीला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा हवा, खिडकीतलं ऊन काचेआडून आलं तर त्याचा उपयोग नाही. पिल्लू मागणारे सत्रा जण असतात, न्यायला येतात चार. मी आता एका मादीचा दुसरा क्लच सांभाळत नाही. अंडी आली त्याच दिवशी डीप फ्रीझरमध्ये टाकते. ऐकायला निर्दय वाटतं. पण पाय वाकलेलं, कॅल्शियमअभावी थरथरणारं पिल्लू एकदा हातात घेतलंत तर तुम्हालाही पटेल. मादीलाही उसंत मिळते. लागोपाठ तीन-चार क्लच देणारी मादी पाठीचा कणा दिसेपर्यंत सुकते, आणि तिसऱ्या क्लचची अंडी बसली तर तिथे इन्क्युबेटर कितीही बदला, उपयोग नाही.

फोन करा, नाही म्हणत नाही. फक्त अंडी घातल्याची तारीख, डब्याचं पहिलं वजन आणि आजचं वजन, आणि संध्याकाळी सातचं कमाल तापमान, एवढं कागदावर घेऊन बसा. सकाळचं २९ मला माहीत आहे.